दार उघडण्यापुरती जागा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या मराठीत चार शब्द आहेत. हक्क, सवलत, मुभा आणि मुलाहिजा. चारही मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि असे काही रुळले, की ते कधी पाहुणे होते याची आज कुणाला आठवणही नाही. सरकारी कागदात ते आहेत, बाजारात आहेत, भांडणात तर आहेतच. पण वापरताना आपण त्यांची सारखी गल्लत करतो. सवलतीला हक्क म्हणतो, मुभा मिळाली की तिला सवलत समजतो आणि मुलाहिजा तर विसरूनच जातो. कवितेत शब्दांची अशी गल्लत झाली तर फार तर एक ओळ बिघडते. रस्त्यावर झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. आज मी या चार शब्दांविषयी बोलणार आहे, पण व्याकरणाच्या अंगाने नव्हे. गाडी उभी करण्याच्या एका जागेच्या निमित्ताने.

इंग्लंडमध्ये कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटसमोर गेलात, की दाराजवळच्या काही पार्किंगच्या जागांवर जमिनीवर रंगाने काढलेले एक चित्र दिसते. एक मोठे माणूस आणि त्याच्यापुढे बाबागाडी, किंवा त्याचा हात धरलेले लहान मूल. जवळ पाटी असते, 'पालक आणि मूल'. लहान मुलाला घेऊन आलेल्यांनीच इथे गाडी लावावी, असा तिचा अर्थ. ऑस्ट्रेलियातल्या शॉपिंग सेंटरमध्येही बाबागाडीवाल्या पालकांसाठी अशा जागा असतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले-मुली आता त्या देशांत आहेत. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आईवडील तिकडे जाऊन राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या ओळखीचे हे चित्र असेल. ज्यांनी ते पाहिलेले नाही, त्यांना साहजिकच वाटेल की हे तिकडच्या लोकांचे लाड आहेत. मूल कडेवर घेऊन आमच्या बायका मैल मैल चालल्या, यांना चार पावले चालवत नाही!

पण या जागेचा संबंध चार पावलांशी कमी आणि गाडीच्या दाराशी जास्त आहे. थोडा हिशेब करू. ब्रिटनमध्ये पार्किंगची साधी जागा २.४ मीटर रुंद असते. आजकालची घरगुती मोठी गाडी १.८ मीटरच्या आसपास असते. म्हणजे अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, की त्यांच्यामध्ये उरतात ६० सेंटिमीटर. दोन वितींहून जरा अधिक. एवढ्याच जागेत गाडीचे मागचे दार उघडायचे, त्या दाराच्या आत स्वतः उभे राहायचे, वाकायचे, बाळाचे पट्टे सोडायचे आणि बाळासकट त्याची कारसीट बाहेर काढायची. ती सीटच हातभर रुंद. दार पूर्ण उघडत नाही, सीट तिरकी केल्याशिवाय निघत नाही आणि झोपलेले बाळ तिरके करता येत नाही.

आपल्याला हे कळत नाही, कारण आपण मूल मांडीवर घेऊन बसतो आणि अंग चोरून उतरतो. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे मूल १२ वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातले जे आधी होईल तोपर्यंत, त्याला योग्य अशा सीटवर बसवावे लागते. थोडे अपवाद आहेत, पण नियम हा. त्यामुळे पालकांसाठीच्या जागेच्या कडेला आखलेला जादा पट्टा असतो. दार सताड उघडावे म्हणून. आणि ही जागा दुकानाच्या दाराजवळ असते तीही कौतुकाने नव्हे. गाड्या मागे घेतल्या जात असतात तिथून लहान मुलाला कमीत कमी चालावे लागावे म्हणून. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे डोके गाडीच्या मागच्या काचेच्या खाली असते. चालवणाऱ्याने मान वळवून पाहिले तरी ते दिसत नाही.

आता नियमांकडे येऊ. तिथल्या त्याच पार्किंगमध्ये चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेल्याही जागा असतात. त्या अपंग व्यक्तींसाठी. त्यांच्यामागे कायद्याने उभी केलेली योजना आहे. १९७१ मध्ये ती केशरी बिल्ल्याच्या रूपाने सुरू झाली, २००० मध्ये बिल्ला निळा झाला. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये डोळ्यांना न दिसणारे आजार असलेल्यांनाही तो मिळू शकतो. रस्त्यावरच्या अशा जागेत बिल्ल्याशिवाय गाडी लावली तर दंड होतो. याला हक्क म्हणतात.

पालकांच्या जागेमागे असा कुठलाही कायदा नाही. ती दुकानाच्या खासगी आवारात असते आणि दुकानाने आपल्या मर्जीने दिलेली असते. बहुतेक ठिकाणी १२ वर्षांखालचे मूल बरोबर असावे असे म्हटलेले असते, काही दुकाने वयाची मर्यादा याहून खाली ठेवतात. नियम मोडला तर पोलिस येत नाहीत. पार्किंग सांभाळणारी खासगी कंपनी फार तर आकारणीची चिठ्ठी पाठवते. ती सरकारी दंडाची नसते. पाटी वाचून तुम्ही इथे गाडी लावली म्हणजे अटी मान्य केल्या, अशा करारावर ती उभी असते. पूर्वी खासगी आवारात चाकाला कुलूप घालत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते २०१२ पासून बंद झाले. आणि पुष्कळ दुकाने चिठ्ठीही पाठवत नाहीत, कारण ज्याला पाठवायची तोही गिऱ्हाईकच. तेव्हा पालकांची जागा ही सवलत आहे. ती टिकते किंवा बुडते ती केवळ तिथे गाडी लावणाऱ्यांच्या वागण्यावर.

ती बुडते तेव्हा काय होते, हे मी लेस्टरमध्ये पाहिले. नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. नात एकोणीस दिवसांची होती. मुलीचे सिझेरियन झालेले, बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही असे तिला बजावलेले. तपासणी करून परतताना औषध आणि थोडे सामान घ्यायचे म्हणून आम्ही एका सुपरमार्केटपाशी थांबलो. पाऊस भुरभुरत होता. पालकांसाठीच्या आठ जागा होत्या, आठही भरलेल्या. त्यांतल्या तीन गाड्यांत मागे मुलाची सीटच नव्हती. आमच्यासमोर एक गृहस्थ दोन वर्तमानपत्रे आणि दुधाची बाटली घेऊन आले, त्यातल्याच एका उंच गाडीत बसले आणि फोनवर बोलू लागले. बोलणे संपण्याचे चिन्ह दिसेना. मागून दुसरी गाडी आली, म्हणून आम्ही पुढे झालो.

साध्या जागेत दार उघडणार नाही, हे जावयाला ठाऊक होते. त्याने गाडी वाटेतच थांबवली, बाळाची सीट बाहेर काढून माझ्या हातात दिली आणि मुलीला हात देऊन उतरवले. तिकडे सगळे पालक असेच करतात. मग तो गाडी मागे घेऊन जागेत लावू लागला. आम्ही दोघी त्या वाटेवर उभ्या. मी दोन्ही हातांनी सीट धरलेली, मुलगी पोटावर हात ठेवून माझ्या कोपराला टेकलेली. आमच्या पाठीमागची एक गाडी मागे यायला लागली. तिचे पांढरे दिवे लागलेले मला दिसलेच नाहीत. मुलगी ओरडली, "अम्मी!" आणि मी वळेपर्यंत गाडीची डिकी माझ्या हाताला लागेल इतकी जवळ आली होती. मुलीने तिच्यावर थापा मारल्या. गाडी थांबली. आतून एक बाई धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी आरशात पाहिलं होतं, कुणीच नव्हतं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती खोटे बोलत नव्हती. आम्ही उभ्या होतो त्या ठिकाणी कुणी उभे राहणे अपेक्षितच नव्हते.

बाळ जागेसुद्धा झाले नाही. जावई मात्र तडक आत गेला आणि चौकशीच्या टेबलाशी असलेल्या मुलीला त्याने घडलेले सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, बाळाची विचारपूस केली आणि म्हणाली, "त्या जागा आम्ही सौजन्य म्हणून ठेवल्या आहेत. कुणाला तिथून उठवता येत नाही."

सौजन्य हा चांगला शब्द आहे, पण मला त्या दिवशी आठवला तो मुलाहिजा. कुणाचा मुलाहिजा ठेवणे म्हणजे त्याची भीड, त्याची कदर मनात बाळगणे, असे आपण म्हणतो. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'पाहणे' आहे, लक्ष देणे आहे. समोरचा मला दिसतो, म्हणून मी थोडा सरकतो. फोनवर बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. दोन मिनिटांचे काम, पाऊस, दाराजवळ रिकामी जागा. त्यांनी जागा पाहिली. ती जिच्यासाठी ठेवली होती ती कुठेतरी मागे, रांगेत, गाडीत बसलेली होती. तिला त्यांनी पाहिले नाही. आणि मागे येणाऱ्या गाडीतल्या बाईने पाहिले, तरी तिला आम्ही दिसलो नाही. त्या दोघांमध्ये आम्ही सापडलो होतो.

म्हणून या जागेचे काही साधे संकेत आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावेत. पहिला, मूल बरोबर पाहिजे. मूल घरी आजोबांपाशी आणि गाडीत नुसती त्याची सीट, असे चालत नाही. दुसरा, मूल आणि एक मोठे माणूस गाडीतच बसून राहणार असेल, तर रुंद जागा अडवू नये. तिथे दार उघडायचेच नाही. तिसरा, कडेच्या आखलेल्या पट्ट्यावर ट्रॉली सोडून जाऊ नये. तो पट्टा म्हणजेच ती सवलत. तोच अडला तर बाकी उरते ती नेहमीची जागा. चौथा, आत रेंगाळू नये. गाडीत सामान भरले की निघावे, हिशेबाची चिठ्ठी घरी वाचता येते. गरोदर बायकांना या जागा चालतात का, याचे उत्तर दुकानागणिक वेगळे असते, ते विचारून घ्यावे.

पाचवा संकेत मुभेविषयी आहे. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. पाटीनुसार तुम्हाला तिथे गाडी लावायला मुभा आहे. पण तो स्वतः दार उघडतो, स्वतः उतरतो आणि तुमच्या आधी दुकानात पोहोचतो. तुमच्या मागच्या गाडीत तान्हे बाळ आहे. अशा वेळी मुभा असूनही पुढे जाऊन साध्या जागेत गाडी लावणे, हा मुलाहिजा. नियम वयाची रेघ ओढून थांबतो. गरज किती, ते आपले आपण ठरवायचे असते.

सहावा सर्वांत महत्त्वाचा. पालकांच्या जागा भरलेल्या आहेत म्हणून अपंगांच्या जागेत गाडी लावायची नाही, कधीही नाही. आमच्या अडचणीवर आमच्यापाशी निदान एक उपाय होता, तो धोक्याचा का असेना. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दार उघडले नाही, तर तो गाडीतून उतरूच शकत नाही. त्याला घरी परत जावे लागते. बाळाला घेऊन आलेल्या आईचे कौतुक सगळे जग करते, पण त्या कौतुकाच्या बळावर दुसऱ्याचा हक्क घेता येत नाही.

आणि शेवटचा, जाब विचारत सुटायचे नाही. एकटी दिसणारी बाई आत असलेल्या नवऱ्याला आणि बाळाला घ्यायला आलेली असू शकते. तरणाताठा दिसणारा माणूस निळा बिल्लाधारक असू शकतो, त्याचे दुखणे कपड्याआड असेल. भांडणारा पालक मुलाला कडेवर घेऊनच भांडत असतो, हेही विसरू नये. सांगायचे असेल तर दुकानात सांगावे. पुरेसे लोक सांगू लागले, की दुकानेही पाटीपेक्षा अधिक काही करतात.

आता थोडे आपल्याकडे वळते. आपल्या मोठ्या शहरांतल्या काही मॉलमध्ये गुलाबी रंगाच्या, 'महिलांसाठी' असे लिहिलेल्या जागा दिसतात. त्या ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. रात्री तळघरातल्या कोपऱ्यात एकट्या बाईला भीती वाटते, तेव्हा उजेडातली जागा हवीच. पण तिचा उपयोग वेगळा आणि मुलासाठीच्या जागेचा वेगळा. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००९ मध्ये गुलाबी रेघांनी बायकांसाठी जागा आखल्या होत्या. २०२३ पासून त्या कुटुंबांसाठीच्या करायला घेतल्या, म्हणजे गरोदर स्त्रिया, लहान मुले बरोबर असलेले लोक, वृद्ध यांच्यासाठी. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. बाळाची सीट जड असते ती आईला जेवढी, तेवढीच बापाला. माझ्या नातीला गाडीतून काढणारा तिचा बापच होता. पाटीवर फक्त बाईचे चित्र काढले, की आपण दोन गोष्टी एका दमात सांगून मोकळे होतो. बाईला मदत लागते ही एक, आणि मूल सांभाळणे बाईचेच काम ही दुसरी.

मुलाहिजा आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. आपण एसटीत वाढलेली माणसे आहोत. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातल्या गर्दीतून सावकाश आत यायचे. रुमालाला कसला कायदा? पण पुष्कळदा लोक तो पाहून पुढे सरकत. त्याच खिडकीतून मूलही आत दिले जाई. आत बसलेल्या अनोळखी बाईच्या, नाहीतर बाप्याच्या हातात. "जरा धरा हो," एवढेच बोलणे. तो माणूस पुढचे गाव येईपर्यंत ते मूल मांडीवर घेऊन बसे. आमच्या आईने आम्हा पाचही भावंडांना कधी ना कधी असे खिडकीतून आत दिले आहे. ज्याच्या मांडीवर आम्ही बसलो त्याने ना कधी तिचे नाव विचारले ना जात-धर्म.

याच एसटीच्या स्थानकांवर आता हिरकणी कक्ष असतात, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी. हे नाव ज्याने सुचवले त्याला मी सलाम करते. रायगडावरची हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दूध विकायला गडावर गेलेली बाई, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती आई. दरवाजे बंद करण्याचा नियम चुकीचा नव्हता. पण गोष्ट सांगते, की महाराजांनी नियम मोडला म्हणून तिला शिक्षा केली नाही, तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. मात्र मी काही स्थानकांवर हिरकणी कक्षाला कुलूप पाहिले आहे, एका ठिकाणी आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या पाहिल्या आहेत. हिरकणीच्या नावाची पाटी आणि खाली बंद दार, हे काही बरे दिसत नाही.

आपल्याकडच्या गरजाही बदलत आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्टा किंवा मुलांची सीट नसेल, तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड आहे. पुण्या-मुंबईत नव्या आईबापांच्या गाड्यांत अशा सीटा दिसू लागल्या आहेत. गाड्या रुंद होत चालल्या, एके काळी घरोघरी असलेली मारुती ८०० जेमतेम १.४४ मीटर रुंद होती. पार्किंगची जागा मात्र तेवढीच राहिली. लेस्टरमधला साठ सेंटिमीटरचा हिशेब आपल्या मॉलच्या तळघरातही तसाच येतो. शिवाय आपले बहुतेक पालक दुचाकीवर येतात. त्यांचे पार्किंग तळघराच्या शेवटच्या टोकाला, आणि तिथून गाड्यांच्या उतारावरून मुलाचा हात धरून वर चालत यायचे. पालकांसाठी जागा ठेवायची, तर लिफ्टजवळ चार रुंद जागा मोटारींसाठी आणि एक रांग दुचाकींसाठी ठेवावी. पाटी साधी असावी, 'लहान मुलांसह आलेल्यांसाठी'. त्याला लागतील ते रंगाचे दोन डबे आणि कडेला सोडलेली थोडी जमीन.

बाकीचे काम आपले. पुढच्या वेळी दाराजवळ अशी एखादी रिकामी जागा दिसली आणि मनात आले, की दोनच मिनिटांचे काम आहे, तर त्या जागेवर कुणीतरी रुमाल टाकलेला आहे असे समजावे. रुमालवाला अजून दारातल्या गर्दीत आहे. त्याच्या कडेवर मूल आहे. त्याला यायला थोडा वेळ लागेल.